मोहोळ कुणाचं नसतं, चूड मात्र कुणाची तरी असते

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरून आलेलं पत्र. लांब आहे, म्हणून थोडक्यात देतो:

"आम्ही मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे). घरामागे भाटकाराच्या भाटात (बागायतीत) फणस आहे. त्याच्या आडव्या फांदीला फेब्रुवारीत आग्या मोहोळ लागलं. पंचायतीला दोनदा लेखी कळवलं, भाटकाराच्या मुकादमाला तोंडी सांगितलं, पण कुणी फिरकलं नाही. मुलगा बोटीवर असतो, मे महिन्यात सुट्टीवर आला होता. त्याने बाजारातून दोन माणसं आणली, दीड हजार दिले. त्यांनी रविवारी दुपारी चार वाजता बांबूला चूड बांधून पेटवली आणि मोहोळाखाली धरली. माशा उठल्या. शेजारच्या काकी अंगणात सोलं (कोकमाच्या साली) वाळत घालत होत्या, त्या सापडल्या. सहा दिवस इस्पितळात होत्या. आता त्यांच्या मुलाने वकिलाकरवी तीन लाखांची नोटीस धाडली आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे, आणि माझ्या मुलाला पोलीस स्थानकावर बोलावलं आहे. भाटकार म्हणतात, माझं झाड जाळलं, वन खात्याकडे जातो, तुम्ही घर खाली करा. मुलाला ऑगस्टमध्ये बोटीवर रुजू व्हायचं आहे. मोहोळ आमचं नाही, झाड आमचं नाही, मग आम्ही गुन्हेगार कसे? ता. क. पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं आहे, त्याचं काय करू?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाआधीच्या प्रश्नात सगळं प्रकरण आहे, पण तारीख जवळ असल्यामुळे आधी पोलिसांचं बोलतो.

तुम्ही पाठवलेला कागद म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची हजर राहण्याची नोटीस आहे. ती अटकेची नोटीस नव्हे. उलट, ती पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणं लिहून ठेवावी लागतात. तेव्हा मुलाने ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जावं. "आज येत नाही, आईला पाठवतो" असलं काही करू नये. जाताना वकील सोबत असला तर उत्तम. खोटं बोलू नये, पण ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्हा शाबीत होईल ते देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे कायद्यातच आहे. नोटीस मिळाल्याची पोच तेवढी सही करून द्यावी. आणि माणसं मी आणलीच नाहीत, ती आपणहून आली, असली गोष्ट रचू नये. दीड हजार रुपये मोबाइलवरून दिले आहेत, ते बँकेच्या नोंदीत मिनिटासकट दिसतात. पुढे ही नोंद आपल्या कामीही येईल, कारण त्या दोघांचा पत्ता लावायला दुसरं काही हातात नाही.

कलमं कुठली लागू शकतात? तक्रारीत प्राण्याबाबत हयगय म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ घातलं आहे. ते टिकेल असं मला वाटत नाही. ते कलम ताब्यातल्या प्राण्यासाठी आहे. मोकाट कुत्रं वेगळं आणि दारात बांधलेलं वेगळं, तसं हे आहे. तुम्ही सातेरीच्या, म्हणजे पाळीव मधमाश्यांच्या, पेट्या ठेवल्या असत्या आणि त्यातल्या माशा काकींना चावल्या असत्या, तर मी असं ठामपणे लिहिलं नसतं. रानातून येऊन फांदीला लागलेलं आग्या मोहोळ मात्र कुणाच्याच ताब्यात नसतं. रोमन कायद्यातसुद्धा मधमाशी रानटीच धरली आहे. तुमच्या पेटीतून उडालेला थवासुद्धा नजरेच्या टप्प्यात आहे आणि पाठलाग करणं शक्य आहे, तोवरच तुमचा. नंतर जो धरील त्याचा. हे वाचताना मला दर वेळी गंमत वाटते, की दीड हजार वर्षांपूर्वी सम्राटाच्या ग्रंथात मधमाश्यांसाठी जागा होती आणि आपल्या पंचायतीच्या टपालात नाही.

पण म्हणून सुटलात असं नाही. मोहोळ तुमचं नाही, चूड तुमच्या पैशाने पेटली. कलम १२५, म्हणजे निष्काळजी कृत्याने दुसऱ्याच्या जीविताला किंवा सुरक्षिततेला धोका, हे इथे सरळ लागतं. आगीबाबत हयगय, कलम २८७, हेही जोडतील. दोन्हींत जामीन मिळतो. आता १२५ मध्ये पोटभेद आहे. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत गंभीर असेल तर कैद तीन वर्षांपर्यंत जाते.

गंभीर कशाला म्हणायचं? इथे इस्पितळाचे कागद बोलतील. पंधरा दिवस तीव्र वेदना, किंवा पंधरा दिवस रोजची कामं करता न येणं ही एक कसोटी. जुन्या दंड संहितेत हे वीस दिवस होते, नव्यात पंधरा झाले. काकी सहा दिवसांनी घरी आल्या आणि आठवड्यात पुन्हा सोलं उलथायला लागल्या, तर या कसोटीवर दुखापत साधी. पण दुसरी कसोटी आहे जीवाला धोका झाल्याची, तिला दिवस मोजावे लागत नाहीत. आग्या माशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि विषाची पिशवी त्यात मागून रिकामी होत राहते. डंखाबरोबर एक वास सुटतो आणि तो इतर माशांना त्याच माणसावर बोलावतो. त्यामुळे दोन-चार डंखांवर भागत नाही. रक्तदाब कोसळला होता, श्वास अडकला होता, अ‍ॅड्रिनलिन द्यावं लागलं, असं केस पेपरवर असेल, तर सरकारी वकील दुसऱ्या कसोटीवर बोट ठेवणार. म्हणून डिस्चार्जचा कागद पाहिल्याशिवाय मी तुम्हाला "किरकोळ आहे" असं म्हणणार नाही.

बोटीची काळजी थोडी कमी करतो. केवळ एफआयआर म्हणजे कोर्टात खटला प्रलंबित असणं नव्हे. पासपोर्ट नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात जे आहे ते कोर्टासमोर प्रलंबित असलेला फौजदारी खटला हे आहे, आणि तशा वेळीही कोर्टाची परवानगी आणून प्रवास करता येतो. पोलीस पडताळणीच्या दाखल्यावर मात्र नोंद दिसू शकते. म्हणूनच हे प्रकरण आरोपपत्रापर्यंत न जाता मिटलेलं बरं. कलम १२५ खालची दुखापत, साधी असो वा गंभीर, जखमी व्यक्तीच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटवता येते. जखमी व्यक्ती म्हणजे काकी. नोटीस धाडणारा त्यांचा मुलगा नव्हे.

आता नुकसानभरपाई. तुमचं म्हणणं असं, की माणसं भाड्याची होती, चूक त्यांची. साधारणपणे ठेकेदाराच्या हयगयीचं खापर काम देणाऱ्यावर फुटत नाही. पण काम मुळातच धोक्याचं असेल, त्यातही आगीचं असेल, तर हा बचाव लंगडा पडतो. तिथे काळजी घेण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही. आणि इथे काळजी काय घेतली? आजूबाजूच्या घरांना सांगितलं नाही. जाणकार हे काम काळोखात करतात, इथे टळटळीत दुपार निवडली. रविवार, म्हणजे माणसं घरात आणि अंगणात.

सगळ्यात अवघड कागद तुम्हीच जपून ठेवला आहे. पंचायतीला दिलेल्या दुसऱ्या पत्रात तुम्ही लिहिलंत, "हे मोहोळ उठलं तर कुणाचा तरी जीव घेईल." तुम्हाला वाटतं ही पत्रं म्हणजे ढाल. अर्धी ढाल आहेत. तुम्ही गप्प बसला नव्हता, हे त्यांतून दिसतं. पण काकींचा वकील तेच वाक्य कोर्टात मोठ्याने वाचील आणि विचारील, जीव घेईल हे ठाऊक असताना त्याखाली आग का धरली? मोहोळ असण्याबद्दल कायदा कुणाला जाब विचारत नाही. धोका कळल्यावर काय केलं, हे विचारतो. आणि मे महिना होता. आग्या माशी कायमची बिऱ्हाडकरी नव्हे, पावसाच्या आधी बहुतेक वेळा आपणच उठून जाते. आणखी तीन-चार आठवडे मागचं दार लावून ठेवलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मुलाचं चुकलं, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

हाच न्याय भाटकारालाही लागतो. आपल्या जमिनीवर निसर्गाने उभा केलेला धोका माहीत असून स्वस्थ बसणारा मालक जबाबदार ठरू शकतो. १९६६ साली प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या वरिष्ठ न्यायपीठाने ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणात, वीज पडून पेटलेल्या झाडाबाबत, असं ठरवलं होतं. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी आहे. अडचण एवढीच, की मुकादमाला तुम्ही तोंडी सांगितलंत. चार ओळींचं पत्र असतं तर आज भाटकाराचा आवाज इतका चढला नसता.

तीन लाखांच्या नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर द्या. न देण्याला कायद्याने शिक्षा नाही, पण गप्प राहिलात तर कबुली दिल्यासारखं भासवतात. उत्तरात बिलं, औषधांच्या पावत्या, बुडालेली कमाई यांचा तपशील मागा. तीन लाख हा आकडा कुठून आला हे त्यात कुठेही नाही. "चूक झाली, पदरात घ्या" असं पत्र भावनेच्या भरात लिहू नका. मदत देऊ करायची असेल तर "हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीसाठी" असं स्पष्ट लिहून द्या, म्हणजे दिवाणी दाव्यात ते कबुली म्हणून वापरता येणार नाही. माणुसकीने काकींना भेटायला मात्र जरूर जा. त्याला वकील लागत नाही. मुलाने एकट्याने जाऊ नये, तुम्ही जा.

मग तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व लोक अदालतीसाठी अर्ज करा. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याची किंमत असते आणि तिच्यावर अपील नसतं. पैशांचं मिटतानाच फौजदारी तक्रार मिटवण्याबद्दल काकींची लेखी संमती घ्यायला विसरू नका. एक मिटून दुसरं लोंबकळत राहिलेली प्रकरणं मी पुष्कळ पाहिली आहेत. वाड्यावर कुणीतरी तुम्हाला म्हणालं, गोव्यात पोर्तुगीज कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत फार मोठी असते. तो वाद सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच निकालात काढला. इथेही भारताचाच मुदत कायदा लागतो, आणि अशा दाव्याला तीन वर्षं.

भाटकाराच्या दोन धमक्यांपैकी एकीत दम आहे. गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, जाळणं आणि अन्य प्रकारे इजा करणंही त्यात येतं. फांदी किती होरपळली त्याचे तारखेसह फोटो आजच काढा. पाऊस लागला की नवी पालवी फुटेल आणि पुरावा तिच्याआड जाईल. पानं करपली असतील आणि साल शाबूत असेल तर वृक्ष अधिकाऱ्यासमोर बाजू मांडणं अवघड नाही. झाड अजून उभं आहे ना, मग उरलेलं मेण खरवडायला फांदी छाटू नका, ते परवानगीशिवाय करणं म्हणजे नवं लफडं.

दुसरी धमकी पोकळ आहे. मुंडकाराला घराबाहेर काढायचं तर १९७५ च्या कायद्यात दिलेलं कारण लागतं आणि मामलेदाराचा हुकूम लागतो. शेजारणीला माशी चावली, हे त्या कारणांत नाही. कुठल्याही "समजुतीच्या" कागदावर सही करू नका, स्टॅम्प पेपर असो वा वहीचं पान. घर अजून विकत घेतलं नसेल तर मुंडकार म्हणून तो हक्क वापरायचा विचार या निमित्ताने करा. घराभोवतीच्या जागेचाही त्यात समावेश होतो, आणि फणस त्या हद्दीच्या आत येतो की बाहेर हे मोजणीत कळेल.

राहिल्या गांधीलमाश्या. त्यांचं कागदी पोळं तुमच्याच वाशाला आहे, त्यामुळे "मोहोळ आमचं नाही" हे वाक्य इथे चालायचं नाही. तुमच्या पडवीत येणाऱ्या पोस्टमनला किंवा गॅसवाल्याला ती डसली आणि तुम्हाला पोळं ठाऊक होतं, तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. गांधीलमाशीचा काटा अडकत नाही, ती एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. आमच्या ऑफिसच्या सज्जात एकदा कारकुनाने झाडूने असलं पोळं पाडलं होतं. दुपारच्या दोन तारखा दुसऱ्या वकिलाला चालवाव्या लागल्या.

पोळं येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर कीटकनाशक फवारणीचा परवाना असलेला माणूस बोलवा. परवाना पाहायला मागा, पावती घ्या, काम काळोख पडल्यावर करून घ्या, आणि आदल्या दिवशी काकींच्या घरी सांगून या. वाटेवर नसेल तर राहू द्या. त्याच वाशाला मातीची छोटी मडकी चिकटलेली दिसतात म्हणता, ती कुंभारमाशीची. ती एकटी राहते, थव्याने अंगावर येत नाही. तिच्यावर पैसे खर्च करू नका.

जबाबाच्या दिवशी मुलाबरोबर पंचायतीच्या पत्रांच्या झेरॉक्स पाठवा, मूळ प्रती घरीच ठेवा. आणि इस्पितळाचे कागद हाती आले की मला पुन्हा लिहा.