कोलॅबची विनंती स्वीकारण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री उशिरा वाचला आणि सोबतचा स्क्रीनशॉटही नीट पाहिला. साड्यांच्या एका ब्रँडने तुझ्याच रीलमधला तुकडा कापून आपल्या खात्यावर टाकला आहे, त्यावर ‘अस्सल पैठणी, फक्त 2,999’ असे कॅप्शन लिहिले आहे आणि तुला इन्स्टाग्रामवर कोलॅबची रिक्वेस्ट पाठवली आहे. आज संध्याकाळी त्यांचा सेल सुरू होत असल्यामुळे तोवर ती स्वीकारावी, असा त्यांचा आग्रह आहे. एवढे मोठे खाते आपणहून दारात आले असताना नाही कसे म्हणायचे, हा तुझा प्रश्न. माझे उत्तर असे की आज ती रिक्वेस्ट स्वीकारू नकोस, पण संबंधही तोडू नकोस. त्यांना काय लिहायचे ते पुढे देते. त्याआधी कारणे सांगते, कारण अशी विनंती तुला पुढच्या महिन्यातही येईल आणि तेव्हा मला विचारायला वेळ नसेल.

इन्स्टाग्रामने ऑक्टोबर 2021 मध्ये ही सोय आणली, तेव्हा आम्हा जाहिरात एजन्सीवाल्यांना ती फारच सोयीची वाटली होती. पोस्ट एकच, पण ती दोन्ही खात्यांच्या ग्रिडवर, म्हणजे प्रोफाइलवरच्या पोस्टच्या चौकटींत, दिसते, वर दोघांची नावे येतात, आणि लाइक, कमेंट व व्ह्यू यांचा हिशेब एकत्र राहतो. टॅग आणि कोलॅब यांत फरक किती, हे लग्नपत्रिकेवरून लक्षात येईल. टॅग म्हणजे पत्रिकेत कुठेतरी तुझे नाव छापणे. कोलॅब म्हणजे ‘निमंत्रक’ या शब्दाखाली ते छापणे. जेवण कमी पडले तर पाहुणे निमंत्रकाकडेच पाहतात.

मात्र दोन नावे असली तरी दोघांचे अधिकार सारखे नसतात, आणि नवे क्रिएटर नेमके इथेच फसतात. ज्याच्या खात्यावरून पोस्ट निघाली, ती त्याची. कॅप्शन त्याने लिहिलेले असते आणि ते बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. त्याने पोस्ट डिलीट केली की ती तुझ्याकडूनही जाते. तुझ्या हातात उरते ते एवढेच की नको वाटल्यास आपले नाव त्यातून काढून घेता येते. पण तोवर ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिलेले असते.

हे मी अनुभवाने शिकले आणि तोही कटू अनुभव होता; चूक माझ्या बाजूची होती म्हणून तो सांगताना आजही संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाचे डबे घरपोच पाठवणाऱ्या एका व्यावसायिकाचे काम आमच्याकडे होते. चकली, अनारसे असे पदार्थ करून दाखवणाऱ्या एका बाईंशी आम्ही कोलॅब केले. रील बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच सोऱ्यावर चित्रित केले होते; पोस्ट मात्र ब्रँडच्या खात्यावरून करायची असा हट्ट आम्ही धरला आणि त्यांनी विश्वासाने रिक्वेस्ट स्वीकारली. रील अपेक्षेपेक्षा जास्त चालले, ऑर्डर झेपेनाशा झाल्या आणि कित्येक डबे भाऊबीज उलटून गेल्यावर पोहोचले, तेही चकल्यांचा चुरा होऊन. तक्रारींचा ओघ सुरू झाला तो त्या रीलच्या कमेंटमध्ये. ब्रँडला कोणी ओळखत नव्हते, बाईंना ओळखत होते. ‘ताई, तुमच्या भरवशावर मागवले होते’ हे वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा वाचले असेल! बाई एकेकीला उत्तरे देत होत्या, कोणाकोणाचे ऑर्डर क्रमांक आम्हाला कळवत होत्या. तिसऱ्या रात्री मालकांचा फोन आला की पोस्ट काढून टाका, आणि अकराच्या सुमारास मी ती काढली. त्यासरशी बाईंच्या ग्रिडवरून त्यांचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले रील नाहीसे झाले, त्यांनी दिलेली उत्तरेही गेली, आणि लोकांचा समज असा झाला की बाईंनीच रील उडवून अंग काढून घेतले. त्यांना आधी एक फोन करायला हवा होता, हे मला सकाळी सुचले.

म्हणून माझा आग्रह असा, की चित्रण तुझे असेल तर पोस्ट तुझ्या खात्यावरून निघावी आणि निमंत्रण तू ब्रँडला पाठवावेस. ब्रँड बहुधा कुरकुर करतात, पण त्यांचे यात नुकसान काहीच नसते; त्यांच्या ग्रिडवर ते रील तितकेच दिसते. एखादा मोठा ब्रँड अडूनच बसला, तर पोस्ट किमान किती दिवस ठेवायची आणि ती काढण्यापूर्वी तुला किती अवधी द्यायचा, हे मेलवर लेखी घे. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

आता कॅप्शनकडे वळते, कारण तुझ्या बाबतीत खरी गोम तिथे आहे. तुझे खाते कशामुळे वाढले, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. येवल्यात, घरच्या मागासमोर बसून तू पदर उलटा करतेस आणि हातमागाच्या पैठणीत मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ कशी दिसते आणि यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे कसे लोंबतात, हे बोटाने दाखवतेस. लोक तुझ्याकडे येतात ते ही पारख शिकायला. त्याच हाताचा, त्याच पदराचा तुकडा 2,999 रुपयांच्या साडीखाली लागला आणि वर तुझे नाव आले, तर पाहणारी बाई हेच समजेल की तू ही साडी उलटून पाहिली आहेस. हातमागाची रेशमी पैठणी त्या किमतीत येत नाही, हे तुझ्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्रमागाची साडी विकण्यात वावगे काही नाही. ती परवडते आणि अनेकींची हौस भागवते. वावगा आहे तो ‘अस्सल’ हा शब्द. ब्रँड कदाचित सिल्क मार्कचे लेबल पुढे करील. ते लेबल धागा शुद्ध रेशमाचा असल्याचे सांगते, साडी हातमागावर विणल्याचे सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, तो 2006 पासून अस्तित्वात आहे, आणि विचारायचे असेल तर त्याबद्दल विचारावे.

हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि त्या वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंतची बंदीही घालू शकते. त्याच कायद्यात सुटकेची वाट आहे ती अशी, की दाव्याची खातरजमा करण्यासाठी तू योग्य ती दक्षता घेतली होतीस हे दाखवता आले पाहिजे. तुझ्याबाबतीत ही दक्षता म्हणजे साडी हातात घेणे आणि पदर उलटणे, आणि ज्याला पारख आहे त्याने ती केली नाही तर ते अधिकच वाईट दिसेल. घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. लहान क्रिएटरपर्यंत अशी कारवाई क्वचितच येत असेल, पण ब्रँडशी बोलताना नियम आपल्या बाजूला आहे हे माहीत असले की आवाज आपोआप स्थिर राहतो.

आणखी एक गैरसमज दूर करते. कोलॅबमध्ये दोन्ही नावे दिसतात, म्हणजे ही जाहिरात आहे हे लोकांना कळलेच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दोन मैत्रिणीही कोलॅब करतात. पैसे, फुकट मिळालेली साडी किंवा सवलत यांपैकी काहीही घेतले असेल तर ते वेगळे आणि स्पष्ट सांगावे लागते. केंद्र सरकारच्या जानेवारी 2023 च्या सूचनांप्रमाणे ते हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही, आणि व्हिडिओ असेल तर दिसलेही पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ॲस्कीने 2021 मध्ये लेबल किती वेळ दिसावे याचे मापही दिले: 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान 3 सेकंद, त्याहून मोठा पण 2 मिनिटांच्या आतला असेल तर लांबीच्या एकतृतीयांश वेळ. तुझे रील साधारण 45 सेकंदांचे असते, म्हणजे 15 सेकंद. इन्स्टाग्रामचे ‘पेड पार्टनरशिप’ लेबल लावच, पण पडद्यावर ‘जाहिरात’ असा सरळ मराठी शब्दही टाक. तुझ्या रीलखाली कमेंट करणाऱ्यांत मला आज्ज्या पुष्कळ दिसतात.

हक्कांबद्दल मात्र जरा सावकाश वाच. आत्ताचा तुकडा तू स्वतः, स्वतःसाठी, कोणाकडून पैसे न घेता चित्रित केला होतास, म्हणून त्याचा कॉपीराइट तुझा आहे आणि ब्रँडने तो न विचारता वापरला आहे. पुढच्या वेळी त्यांनी पैसे देऊन रील करवून घेतले तर परिस्थिती उलटू शकते. मोबदला देऊन एखाद्याने चलचित्र करवून घेतले आणि वेगळा करार नसला, तर 1957 चा कॉपीराइट कायदा करवून घेणाऱ्यालाच प्रथम मालक मानतो. म्हणून रकमेचा आकडा ठरण्याआधी ‘मालकी माझी, वापराचा परवाना तुम्हाला’ हे वाक्य कागदावर यायला हवे. परवान्याची मुदतही लिहायची. ती लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. तुझ्या रीलमधले स्थिरचित्र दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर लागायला नको असेल, तर परवाना फक्त इन्स्टाग्रामपुरता आहे असे स्पष्ट लिही. तुझ्या हँडलवरून पैसे लावून जाहिरात चालवायची, म्हणजे ज्याला पार्टनरशिप ॲड म्हणतात, ती परवानगी कोलॅबच्या परवानगीपासून वेगळी आहे. तिचे दिवस वेगळे आणि पैसेही वेगळे.

बाकीचे थोडक्यात सांगते. रीलमध्ये सिनेमाचे गाणे घालू नकोस, कारण ब्रँडच्या कामासाठी त्याचा परवाना आपल्याकडे नसतो आणि अशी रील बूस्टही, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवताही, येत नाहीत. मागाचा खटखट आवाजच ठेव, तो कोणत्याही गाण्याहून बरा आहे. साडी ठेवून घेणार असशील तर तिची किंमत लिहून ठेव, कारण एकाच ब्रँडकडून वर्षात 20,000 रुपयांपुढच्या वस्तू मिळाल्या तर जुलै 2022 पासून त्यावर ब्रँडने 10 टक्के कर आधीच कापण्याचा (टीडीएस) नियम आला आहे. साडी परत केलीस तर तो प्रश्न उरत नाही. आणि ब्रँडने अहवाल मागितला तर दोन्ही खात्यांवर दिसणारे आकडे एकमेकांत मिळवू नकोस. ते एकाच पोस्टचे आकडे असतात. आम्ही एकदा 40 हजारांचे 80 हजार करून ग्राहकासमोर बसलो होतो, आणि ती चूक ग्राहकाच्या हिशेबनिसाने काढली.

आता उत्तर. जे कोणी ते खाते सांभाळत असेल, ते बहुधा तुझ्याच वयाचे असेल आणि या आठवड्यात पाच कोलॅब करायचे असे त्याला वरून सांगितले असेल. तेव्हा सूर चढवू नकोस. असे लिही: ‘नमस्कार. माझ्या कामाची दखल घेतल्याबद्दल आभारी आहे. सध्याच्या पोस्टमधील चित्रण माझे असून त्यातील पैठणी आमच्या मागावरची आहे, आपल्या सेलमधील नाही. म्हणून कृपया ती पोस्ट काढावी. आपली साडी मला पाठवल्यास मी ती पाहून, हातमागाची की यंत्रमागाची हे स्पष्ट सांगणारे नवे रील माझ्या खात्यावरून करीन आणि आपल्याला कोलॅबचे निमंत्रण पाठवीन. मानधन, मुदत आणि वापराच्या अटी सोबत जोडल्या आहेत.’ अटींचा मसुदा मला आधी दाखव. ब्रँडच्या पोस्टचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असा, हे उत्तर पाठवण्यापूर्वी काढून ठेव.

त्यांनी साडी पाठवली, तर पदराची उलटी बाजू रीलच्या पहिल्या तीन सेकंदांतच दाखव, आणि ती दाखवायला त्यांची हरकत आहे का, हे पार्सल निघण्याआधीच विचारून घे.