एफडीला हप्ता नसतो, गुरुजी

गुहागरहून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. टपावर ३३० वॉटचं एक पॅनल, आत १५० एएचची (अँपिअर-तासांची) साधी बॅटरी, छोटा फ्रिज, दोन पंखे. दोघं नवरा-बायको किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात, पण पहाटे चारला फ्रिज बंद पडतो. सोलरवाल्याने लिथियम बॅटरी, आणखी दोन पॅनल आणि इन्व्हर्टर मिळून १ लाख ८० हजार सांगितले आहेत. ते विचारतात, "बँकेतली दोन लाखांची एफडी मोडू का? तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे, तो भरतो आणि मग मोडतो."

गुरुजी, एफडीला हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत 'प्रीमियम' असं स्पष्ट छापलं आहे, खाली पॉलिसी क्रमांक आहे. बँकेत बसून तुम्हाला विमा विकला गेला. वर्षाला १ लाख, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षी साडेसोळा लाख. हा परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. तुम्ही आज ६३ वर्षांचे आहात, दोन वर्षं झालीच आहेत, पैसे हातात येतील तेव्हा ७६ च्या आसपास असाल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि तिथे व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. निवृत्त माणसाला 'एफडीसारखंच आहे' म्हणून असली पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मोडायला गेलात तर दोन लाख मिळणार नाहीत. दोन हप्त्यांनंतर अशा पॉलिसीत हमीची सरेंडर रक्कम (मुदतीआधी मोडल्यावर मिळणारे पैसे) भरलेल्या हप्त्यांच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ६० हजारांच्या आसपास. पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांत बसत असेल तर आकडा बरा निघेल. म्हणून मार्चचा चेक आत्ताच लिहू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती, हप्ते थांबवून पेड-अप ठेवली, म्हणजे कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच चालू ठेवली, तर किती, तिसरा हप्ता भरून सरेंडर केली तर किती. त्याच दिवशी 'एफडी सांगून विमा विकला, पूर्ण रक्कम परत द्या' अशी लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

आता व्हॅन. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर ३७ व्होल्ट आणि ८.९ अँपिअर लिहिलं आहे. हे घरावर लावायचं पॅनल. तुमचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा, स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम प्रकारचा आहे, तो पॅनलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचून आणतो. ८.९ गुणिले १३, म्हणजे ३३० पैकी ११५ वॉटच बॅटरीत जातात. चार तासांच्या चांगल्या उन्हात अर्धा युनिटही नाही, आणि फ्रिज-पंख्यांना रोज एक युनिट लागतं. फ्रिज पहाटेच बंद पडणार!

३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर लावा, पॅनलचे जास्तीचे व्होल्ट वाया न घालवणारा आणि १०० व्होल्टपर्यंत झेपणारा. आठ-दहा हजारांत येतो. तेच पॅनल मग दिवसाला एक युनिटच्या आसपास देईल. पॅनलपासूनची वायर जाड घाला. बॅटरीच्या टर्मिनलवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट पूड धरली असेल ती घासून काढा, वर व्हॅसलीन लावा. आणि गाडी सुरूच्या झाडांच्या सावलीत उभी करू नका. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी पॅनलमधून मिळणारी वीज बरीच घटते. काकूंना सावली हवी असेल तर खुर्च्या सुरूखाली टाका, गाडी उन्हात राहू दे.

सोलरवाला सबसिडीही देतो म्हणाला, ती धरून चालू नका. पीएम सूर्यघर या सरकारी योजनेचे ७८ हजार घराच्या छपरावरच्या, वीजजोडणीला जोडलेल्या ३ किलोवॉटच्या सोलरला मिळतात. व्हॅनच्या टपाला त्यातला एक रुपया नाही.

कंट्रोलर बदलल्यावर आठवडाभर रोज सकाळी सहाला, ऊन यायच्या आधी, फ्रिज आणि पंखे बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीचे व्होल्ट वहीत लिहा. १२.२ च्या वर राहिले तर लिथियमचा विषय सोडा. दिवसभर चांगलं ऊन मिळूनही १२ च्या खाली जात असेल तर बॅटरीच थकली आहे, तेव्हा साधीच नवी घ्या. वहीच्या त्या पानाचा आणि पॉलिसीच्या पहिल्या चार पानांचा फोटो मला पाठवा.