कोरी जीन्स धुवावी की धुवू नये?

प्रश्न : माझ्या मुलाने तीन महिन्यांपूर्वी ‘रॉ डेनिम’ची, म्हणजे विणल्यानंतर एकदाही न धुतलेल्या कोऱ्या कापडाची जीन्स घेतली. सहा महिन्यांच्या आत ती पाण्यात घातली तर रंग हवा तसा उतरणार नाही, असे तो सांगतो. तो रोज लोकलने जातो-येतो, पावसाळा तोंडावर आला आहे, पँटला वास येतो आणि आमच्या फिक्या रंगाच्या सोफ्यावर निळे डाग पडले आहेत. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली तर रंग पक्का होईल का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : मुलाच्या म्हणण्यामागे कारण आहे, पण सहा महिन्यांचा आकडा डोंबिवलीच्या हवेत पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मीठ आणि व्हिनेगर मात्र वापरू नका. त्याने रंग पक्का होत नाही.

याचे कारण रंगवण्याच्या पद्धतीत आहे. डेनिममध्ये ताण्याचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे आडवे धागे पांढरेच ठेवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून हौदात आधी तिला रासायनिक क्रियेने पिवळसर हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात आणतात. दोरासारखे एकत्र केलेले धागे त्या हौदात बुडवून वर काढले की हवेतल्या प्राणवायूमुळे ती पुन्हा निळी होऊन धाग्यावर बसते, आणि हे अनेकदा केल्याने थरावर थर चढतात. हे थर धाग्याच्या बाहेरच्या भागातच राहतात, गाभा पांढराच असतो. शिवाय नीळ सुताला रासायनिक बंधाने जखडलेली नसते, नुसती अडकून बसलेली असते. त्यामुळे घासले की ती सुटते, सोफ्याला लागते आणि झिजल्या जागी आतला पांढरा गाभा दिसू लागतो. मंजिष्ठेच्या रंगाला तुरटी लागते, काही रंग सुतावर चढताना मिठाची मदत होते. निळीला या दोन्हींचा उपयोग नाही. सोफ्याचे डाग कमी व्हायचे तर पँटवरचा सुटा रंग एकदा धुऊन काढणे हाच मार्ग आहे, आणि तोवर सोफ्यावर गडद चादर घालावी.

आता मुलाची बाजू. विणण्यापूर्वी ताण्याला खळ देतात, ज्याला इचलकरंजीत सायझिंग म्हणतात. ही खळ कोऱ्या कापडात तशीच असते, म्हणून अशी जीन्स सुरुवातीला पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. त्या ताठपणामुळे मांडीच्या वरच्या भागात आणि गुडघ्यामागे पडणाऱ्या चुण्या रोज त्याच जागी पडतात, चुण्यांच्या कडा घासल्या जातात आणि तिथला निळा रंग आधी जातो. जपानमध्ये मांडीवरच्या रेषांना ‘हिगे’ म्हणजे मिशा आणि गुडघ्यामागच्या नक्षीला ‘हाचिनोसु’ म्हणजे मधाचे पोळे म्हणतात. पहिल्याच आठवड्यात धुतले तर खळ निघून कापड मऊ होते, चुण्या पसरट पडतात आणि रंग सगळीकडून सारखा उतरतो. ही नक्षी दोन माणसांची सारखी नसते, कारण ती चालण्याबसण्याच्या सवयीतून उमटते. तिच्यासाठी मुलगा एवढा जपतो आहे याचे मला कौतुक वाटते.

परंतु नक्षी उमटते ती घर्षणाने, मळाने नव्हे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 15 महिने न धुता एक जीन्स वापरली. मग ती धुऊन, पुन्हा 13 दिवस वापरून जिवाणू मोजले, तर दोन्ही वेळचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. न धुण्याचे समर्थक हा दाखला नेहमी देतात. पण अल्बर्टाची थंड, कोरडी हवा वेगळी आणि लोकलच्या गर्दीत भिजवणारा घाम वेगळा. खळ हे पिष्टमय अन्नच असल्यामुळे पावसाळ्यातल्या दमट कपाटात तिच्यावर बुरशी धरते, आणि कापडात अडकलेली बारीक धूळ चालताना मांड्यांमध्ये धागे कापत राहते. पँट फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपायही कामाचा नाही. थंडीने बरेचसे जिवाणू नुसते निपचित पडतात आणि अंगाची ऊब मिळताच पुन्हा वाढतात. तीन महिन्यांत चुण्या पक्क्या बसल्या असतील, तेव्हा पावसाळ्यापूर्वी पँट जरूर धुवा.

धुताना बटणे लावून ती उलटी करा आणि मोठ्या टबात, साध्या पाण्यात, पाऊण तास सपाट पसरून भिजवा. बादलीत कोंबली तर घडीच्या जागी पांढरट पट्टे उठतात आणि ते नंतर निघत नाहीत. ब्लीच किंवा शुभ्रता वाढवणारे घटक नसलेला सौम्य द्रवसाबण थोडासा वापरा. रिठ्याचे पाणीही चालते. ब्रशने घासू नका, दगडावर आपटू नका, पिळू नका. हाताने दाबून पाणी काढा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळत घाला, कारण कडक उन्हात नीळ फिकटते. पहिल्या पाण्याचा गडद निळा रंग पाहून घाबरू नका. तो सुटाच रंग असतो. यानंतर घाम येण्याच्या दिवसांत महिन्या-दीड महिन्याने आणि हिवाळ्यात त्याहून उशिरा धुतले तरी चालेल. इस्त्री मात्र करू नये, नाहीतर जपलेल्या चुण्या मोडतील.

प्रश्न : कोरी जीन्स आटते, म्हणून एक माप मोठी घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ती ‘सॅनफोराइज्ड’ आहे का, हे दुकानदाराला विचारा. सॅनफोर्ड क्लुएट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया 1930 च्या दशकापासून वापरात आहे. तिच्यात कापड शिवण्यापूर्वीच आटवून घेतात, त्यामुळे नंतर ते साधारण 3 टक्क्यांच्या आतच आटते. तशी असेल तर कमरेला किंचित घट्ट मापाचीच घ्या, कारण वापराने कंबर सैल होते. प्रक्रिया न केलेली जीन्स 10 टक्क्यांपर्यंत आटू शकते, आणि लांबीत जास्त आटते. ती मोठ्या मापाची घेऊन, वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात एकदा भिजवून वाळवावी आणि मगच खालची पट्टी दुमडून शिवावी.

प्रश्न : मांड्यांच्या मध्ये कापड विरळ झाले आहे. आता काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भोक पडण्याची वाट पाहू नका. आतून पातळ सुती कापडाचा तुकडा लावून, वरून निळ्या सुती धाग्याने मशीनवर ताण्याच्या दिशेने पुढे-मागे जवळजवळ टाके घ्यायला रफूवाल्याला सांगा. जाड डेनिमचे ठिगळ लावू नका. त्याच्या कडेशी कापड पुन्हा फाटते.