जीवशास्त्र सोडण्याची घाई नको

प्रश्न : मुलगी नववीत आहे. गणितात पुढे, पण जीवशास्त्र म्हटलं की रडकुंडीला येते. 'नुसती नावंच पाठ करायची' म्हणते. पुढे हा विषय सोडू द्यावा का? – एक आई

नमस्कार ताई,

लेकीची तक्रार अर्धी खरी आहे. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका अशी पेशीतल्या भागांची नावं एका पानावर अंगावर आली की कुणाचंही डोकं गरगरेल. पण तिची गाडी अडलीय ती नावांपाशी, जीवशास्त्रापाशी ती अजून पोचलेलीच नाही. गणिताच्या मुलीला आधी 'का' विचारू द्या.

पेशी इतक्या लहान का असतात, इथून सुरुवात करा. हत्तीच्या पेशी काही उंदराच्या पेशींहून अवाढव्य नसतात, फक्त संख्येने जास्त असतात. असं का? तिला एक घन मांडू द्या. बाजू १ सेंमी असेल तर पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू १० सेंमी केली की पृष्ठफळ ६००, घनफळ १०००. म्हणजे प्रत्येक घनसेंटिमीटरच्या वाट्याला आधी ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग यायचा, तो आता जेमतेम ०.६ येतो. पेशीची सगळी आवकजावक पृष्ठभागावरूनच चालते. ती फुगत गेली तर आतल्या भागाची उपासमार ठरलेली. एवढं उमगलं की लाल रक्तपेशी मध्ये दबलेली चपटी का, फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश का, मुळांना मूलरोम कशाला, या सगळ्यांमागचं गणित एकच निघतं. पुस्तकात मात्र हे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं, हे दुर्दैव.

आनुवंशिकता तर तिच्या आवडीचीच ठरावी. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने गणित आणि भौतिकशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं, आणि तो वाटाण्याची झाडं चक्क मोजत बसला. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळी जांभळी. दुसऱ्या पिढीत ७०५ जांभळी, २२४ पांढरी. भागाकार तिलाच करू द्या, साधारण तीनास एक निघेल. मग दोन नाणी एकदम उडवली तर निदान एक छापा येण्याची शक्यता किती, ते विचारा. चारातल्या तीन वेळा, म्हणजे तेच तीनास एक. १८६६ साली छापलेल्या मेंडेलच्या या कामाची किंमत लोकांना १९०० मध्ये कळली.

नावं पाठ करावी लागतीलच, त्याला गुण आहेत. पण आधी काम, मग नाव. पेशीची आकृती न बघता काढायची आणि प्रत्येक भागासमोर तो काय करतो हे तीन-चार शब्दांत लिहायचं.

राहता राहिलं करिअर. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी हे समीकरण डोक्यातून काढा. माणसाच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात, ती काही कुणी डोळ्यांनी वाचत नाही. जैवमाहितीशास्त्र (अशी माहिती संगणकावर तपासणं), साथींचा अंदाज बांधणं, औषधांच्या चाचण्यांची आखणी, सगळीकडे गणित लागतं, आणि सोबत जीवशास्त्राची समजही.

तेव्हा यंदा निर्णय नको. वर्षअखेरीलाही नकोसं वाटलं तर खुशाल सोडू द्या, नुसत्या गणिताच्या वाटाही कमी नाहीत. फक्त गुण कमी पडतात म्हणून सोडतेय की रस नाही म्हणून, हे तिच्याशी निवांत बोलून घ्या. गुणांचा प्रश्न असेल तर तो अभ्यासाची पद्धत बदलून सुटतो.