हद्दीपलीकडचा कागद

बेटा,

अनेक आशीर्वाद.

लंडनच्या पोलिसांकडे माहिती मागणारा तुझा अर्ज दोनदा वाचला. काल रात्रभर झडी लागली होती, झोप येईना, मग तिसऱ्यांदा वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, सूर नम्र आहे, तरी हा असाच लंडनला पाठवू नकोस. ‘परदेशात हरवलेल्या मुलांच्या तपासासंबंधीची सर्व माहिती द्यावी’ असं तू लिहिलं आहेस. त्या ‘सर्व’ शब्दावरच तो परत येईल.

तुला हे कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे. मागल्या पोळ्याच्या सुमारास तुमच्या आळीतलं पोट्टं पैनगंगेपलीकडे गेलं, आदिलाबादच्या बाजूला, तेव्हा ठाण्यात तू त्याच्या मायसोबत उभी होतीस. पहिला शब्द कानावर पडला तो ‘हद्द’. आमच्या हद्दीत येत नाही. पोरगं नवव्या दिवशी सापडलं, पण तू त्या शब्दापाशी अडकून राहिलीस. नदी ओलांडली की आपलं ठाणं हात वर करतं, तर मधे अख्खा समुद्र असला की पोलीस काय करतात, हे तुला बघायचं आहे. प्रश्न मोलाचा आहे बेटा. म्हणूनच अर्ज नेमका हवा.

माझी चूक तुला सांगतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या ऑक्टोबरात लागू झाला आणि पुढच्याच वर्षी मी एका ठाण्याला पहिला अर्ज दिला. आपल्या गावची एक मुलगी आठवडी बाजारातून परतलीच नव्हती. तिची माय माझ्या शाळेत खिचडी रांधायची. मी रागाच्या भरात लिहिलं: ‘मुलगी अद्याप का सापडली नाही?’ महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मी चिडलो, पण कायद्याने ते बरोबर होतं. पुढे २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तेच सांगितलं: ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. दप्तरात जे लिहिलेलं आहे तेच मागता येतं.

कचेरीबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाने मला वाट दाखवली. म्हणाला, गुरुजी, त्यांना उत्तर मागू नका, रजिस्टर बघायला मागा. दप्तर तपासण्याचा हक्क कायद्यात आहे, पहिल्या तासाला फी नाही. गेलो. लाल कापडी बांधणीचं ते रजिस्टर अजून डोळ्यापुढे आहे. पोरीचा फोटो टाचणीने लावलेला, टाचणी गंजून फोटोच्या कपाळावर तांबूस डाग उतरलेला. उंची, रंग, ओळखीची खूण. शेवटच्या रकान्यात दर महिन्याची एकेक ओळ, ‘शोध सुरू आहे’. अशा अकरा ओळी. सगळ्या एकाच पेनच्या, एकाच बसकणीत लिहिलेल्या, कारण शाई कुठेच फिकी झालेली नव्हती आणि अक्षराचा कल खालपर्यंत जरासुद्धा हलला नव्हता. मी त्या पानाची नक्कल मागितली, दोन रुपये भरले. पोरगी आजतागायत सापडली नाही. पण कोणी शोधलं आणि कोणी शोधलं नाही हे त्या माउलीला त्या पानाने सांगितलं. फोटोच्या पन्नीतच तिने ती नक्कल घडी करून ठेवली.

तेव्हा लंडनच्या पोलिसांनाही तू हेच विचारायचं: दप्तरात काय लिहिलेलं आहे.

तिथला माहिती स्वातंत्र्य कायदा २००० सालचा, पूर्णपणे लागू झाला २००५ च्या जानेवारीत. आपला कायदा फक्त भारताच्या नागरिकाला अर्ज करू देतो, तिथे मात्र जगातला कोणीही करू शकतो. तू यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते आहेस म्हणून नाही म्हणता येत नाही. फी नाही, कारण सांगायची गरज नाही, ई-मेल चालतो. मात्र स्वतःचं खरं नाव आणि उत्तराचा पत्ता लागतो. टोपणनावाने पाठवलास तर तो अर्जच धरला जात नाही. वीस कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शनिवार-रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या वगळून मोज, उगाच घाई करून स्मरणपत्र धाडू नकोस. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, २००२ चा. तिथल्या पोलिसांना लिहिशील तेव्हा तो लाव.

आता ‘सर्व’चं. तिथे पोलिसांना खर्चाची मर्यादा आहे, ४५० पौंड. ताशी २५ पौंड धरतात, म्हणजे अठरा तास. माहिती आहे का हे बघणं, शोधणं, काढणं यालाच अठरा तासांहून जास्त वेळ लागणार असेल तर ते अख्खा अर्ज नाकारू शकतात, अर्धवट द्यायलाही बांधील नाहीत. हरवलेल्या मुलांच्या फायली एकेक उघडून वाचायच्या म्हटलं तर अठरा तास चहा व्हायच्या आत संपतील. तू म्हणशील, मग चार अर्ज वेगवेगळे करते. साठ कामकाजी दिवसांच्या आत एकाच माणसाने एकाच विषयावर केलेले अर्ज ते एकत्र मोजू शकतात.

यातून निघायचं कसं, हे एका खऱ्या प्रकरणात बघ. २००७ च्या मे महिन्यात पोर्तुगालमधल्या प्राइया दा लूझ या किनाऱ्यावरच्या गावातून सुट्टीला आलेल्या एका ब्रिटिश कुटुंबाची तीन वर्षांची मुलगी नाहीशी झाली. गुन्हा पोर्तुगालच्या हद्दीतला, तपास त्यांचा. २०११ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी ‘ऑपरेशन ग्रेंज’ नावाने सगळी कागदपत्रं नव्याने तपासायला घेतली, २०१३ मध्ये त्याचं रूपांतर पूर्ण तपासात झालं. पैसा त्यांच्या गृह खात्याने विशेष अनुदान म्हणून दिला, आतापर्यंत एक कोटी तीस लाख पौंडांच्या वर. माहिती मागणाऱ्यांना लंडनकडून काय मिळतं? खर्च, नेमलेली माणसं, असे आकडे मिळतात. जबाब, संशयितांची नावं, तपासाची दिशा मिळत नाही.

त्यासाठी त्यांच्या कायद्यात कलमं आहेत. तिसावं कलम तपासासाठी धरलेल्या माहितीचं, एकतिसावं गुन्हे रोखण्याच्या आड येणाऱ्या माहितीचं, चाळिसावं व्यक्तिगत माहितीचं. तुझ्या विषयात सगळ्यात आडवं येणारं आहे सत्ताविसावं, परदेशांशी असलेल्या संबंधांचं. दुसऱ्या देशाच्या पोलिसांनी विश्वासाने कळवलेली गोष्ट त्यात येते. कधी कधी तर ‘अशी माहिती आमच्याकडे आहे किंवा नाही, हेही सांगत नाही’ असं उत्तर येतं. ते वाचून तुझ्या अंगाचा तिळपापड होईल, पण तेही कायद्यातलंच उत्तर आहे. तीस, एकतीस आणि सत्तावीस (विश्वासाच्या माहितीसह) या कलमांना जनहिताची कसोटी लागते. त्यांनी ती कशी लावली हे उत्तरात लिहावं लागतं, आणि अपिलात तुला तिथेच बोट ठेवायचं आहे.

आणि गंमत बघ, त्याच प्रकरणात पोर्तुगालने २००८ च्या जुलैमध्ये तपास थांबवून फाईल बंद केली आणि ऑगस्टमध्ये तिची हजारो पानं लोकांसाठी खुली झाली. चालू तपास झाकलेला, बंद फाईल उघडी. एकाच मुलीचे कागद एका देशात बंद, दुसऱ्या देशात खुले. म्हणून अर्ज लिहिण्याआधी हे बघ, की तुला हवा तो कागद आधीच बाहेर आलेला तर नाही ना. तिथली पोलीस दलं आधी दिलेली उत्तरं स्वतःच प्रसिद्ध करतात. ती आधी वाच. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

मग मागायचं काय? लेखी कार्यपद्धती माग: मूल दुसऱ्या देशात हरवल्याचं कळल्यावर कोणत्या अधिकाऱ्याने किती वेळात काय करायचं. अमुक ते अमुक वर्षांत, त्यांच्या भागातली किती मुलं परदेशात हरवल्याची नोंद झाली, वर्षवार. इंटरपोलची पिवळी नोटीस, जी हरवलेल्या माणसांसाठी असते, ती किती वेळा मागितली. सोबत एक ओळ: ही माहिती मर्यादेत बसत नसेल तर काय कमी केलं म्हणजे बसेल ते सांगावं. असं मार्गदर्शन करणं हे त्यांचं कायद्याने बांधलेलं काम आहे, सोळावं कलम.

इकडे मात्र सीबीआयकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस. इंटरपोलचं भारतातलं काम तीच बघते, पण २०११ पासून तिला आपल्या कायद्यातून वगळलेलं आहे, भ्रष्टाचार आणि मानवाधिकार भंगाच्या आरोपांपुरती फट सोडून. तू आपल्या पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला जोडपत्र ‘अ’, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, भर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एकच विषय ठेव, दीडशे शब्दांत बसव. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मे महिन्यात सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा नोंदवून तपास करायचा. आपल्या जिल्ह्यात पाच वर्षांत किती मुलं हरवली, त्यांतल्या किती प्रकरणांत गुन्हा नोंदला, किती प्रकरणं परराज्यांतल्या पोलिसांना कळवली, एवढंच विचार. तपास चालू आहे म्हणून नकार आला तर घाबरू नकोस. तपास चालू असणं एवढंच पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आपल्याला अमरावतीचं खंडपीठ.

लंडनकडून नकार आला तर आधी त्यांच्याच कार्यालयात फेरविचार माग, मग माहिती कायद्यावर देखरेख करणाऱ्या तिथल्या स्वतंत्र कार्यालयाकडे जा. वकील लागत नाही. राग मात्र पत्रात उतरू देऊ नकोस. चिडून धाडलेल्या अर्जांची माळ त्रास देण्यासाठीची आहे असं ठरवून नाकारायला त्यांच्याकडे चौदावं कलम आहे.

एक गोष्ट जरा थांबून वाच. तुला मिळालेला कागद एकट्या तुला मिळत नाही, तो जगाला मिळतो. ज्याने मूल नेलं असेल त्यालाही. म्हणून कागदावर नाव काळं करून आलं तर तुझ्याशी लपवाछपवी झाली असं समजू नकोस. आपल्याकडेही बाल न्याय कायद्याचं चौऱ्याहत्तरावं कलम मुलाची ओळख छापू देत नाही. ते काळं केलेलं नाव शोधायला जाऊ नकोस, आणि कुठल्याही मायबापाला फोन करू नकोस. त्या पोराच्या मायसोबत नऊ दिवस तू बसली होतीस, फोन वाजला की ती कशी दचकायची ते मी तुला वेगळं काय सांगू.

रविवारी ये. झडी थांबली नाही तरी ये, छत्री घेऊन ये. दोन्ही मसुदे आण, लंडनचा आणि आपला. ‘अमुक ते अमुक वर्षांत’ ही जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. कोणती वर्षं आणि तीच का, हे ठरवून ये. टपालाच्या पोचपावत्या चिकटवायला मी जुनी वही काढून ठेवली आहे.

तुझे
गुरुजी