एकच रायफल, सगळी शिकार?

प्रश्न: हरणापासून एल्कपर्यंत (एल्क म्हणजे अमेरिकेतलं थोराड हरीण) चालेल अशी एकच रायफल घ्यायचीये, कॅलिबर (काडतुसाचं माप) कुठलं घेऊ? मित्र म्हणतात मॅग्नमच (जास्त दारूचं, जोरकस काडतूस) घे.

उत्तर: मित्रांचं सोडा हो, मॅग्नमच्या खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची एकदा धास्ती बसली की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि मग नेम गेला बाराच्या भावात. सरळ .३०-०६ घ्या, १९०६ पासून चालत आलंय, हरणाला १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, एल्कला १८० ची, रायफल तीच, फक्त गोळी बदलली की झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते जुळवणं) परत तपासायचा, हे बरेच जण विसरतात. धक्का जरा कमी हवा तर .३०८, काडतूस आखूड पण काम जवळपास तेवढंच. ससे-बिसे यात धरू नका, चिंधड्या होतील, त्याला .२२ वेगळी.