तीन पाळ्यांचं ध्यान आणि पंख्यावरचं नाव

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू झाला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं, घरोघरी त्यावर बोलणं होतं, आणि मग आपल्या जगण्यातल्या अडचणी डोकं वर काढतात. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. दुसऱ्याला बरीच जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने आणखी चार जणींनी विचारला आहे.

*आदरणीय ताई, सप्रेम जयभीम. मी अंबडच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. वय 34, घरी बायको आणि दोन मुलं. दर आठवड्याला पाळी बदलते. मार्चमध्ये इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायचं ठरवून आलो. महिनाभर जमलं. आता बसलो की दहा मिनिटांत मान छातीवर येते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तर बसणं होतच नाही. बायको विचारते, दहा दिवस जाऊन काय आणलंत? मलाही वाटतं, सगळं वाया घालवलं. जागं कसं राहायचं? – सिडको, नाशिक*

दादा, आधी एक सांगा, चोवीस तासांत तुमची झोप किती होते? मी 31 वर्षं वॉर्डात नर्स होते, त्यातली निम्मी तरी नाइट ड्यूटीत गेली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने मांडी घातली, डोळे मिटले, तर शरीर त्याचं राहिलेलं येणं मागणारच. त्यात तुमच्या श्रद्धेची काही चूक नाही.

तथागत बुद्धांचे अग्रश्रावक, म्हणजे प्रमुख शिष्य, महामोग्गल्लान ध्यानाला बसले असताना त्यांना डुलकी लागली होती. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात ही गोष्ट आहे. तथागतांनी त्यांना रागावून काही सांगितलं नाही, एकापाठोपाठ एक उपाय सांगितले. ज्या विचारात झोप येते तो विचार सोड. ऐकलेला धम्म आठव. तो मोठ्याने म्हण. कान ओढ, हातपाय चोळ. ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, आकाशातल्या चांदण्यांकडे बघ. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर नीट आडवा हो, उठायची वेळ मनात ठरवून. मोग्गल्लानांसारख्या अग्रश्रावकालाही शेवटी ‘झोप’ असंच सांगितलं. म्हणून थकून घरी आलात की निवांत झोपा. बसणं झोपून उठल्यावर ठेवा.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन बसू नका. दुपारी उठाल, तोंड धुवाल, चहाच्या आधी वीस मिनिटं बसा, ताठ, भिंतीला न टेकता. त्या वीस मिनिटांत फक्त आनापान करा: श्वास आला, श्वास गेला, लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. डुलकी आलीच तर उभे राहा आणि उभ्यानेच श्वास बघा. फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या बसमध्ये मिळणारा वेळही मोबाइलला देऊ नका. शिबिरात सांगितलेला तास मी कमी करत नाही, तो सांगणाऱ्यांचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. पण ज्याचं बसणं साफ सुटलंय, त्याने वीस मिनिटांनी परत आत यावं. तिथून तासाकडे जाता येतं, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. बाळंतपणानंतर माझं बसणं सात महिने सुटलं होतं.

आता वहिनींचं. इगतपुरीला तुमच्याकडून राहण्याजेवणाचा एक रुपया मागितला नाही. तिथे दान घेतात तेही फक्त शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडून. म्हणजे तुमचे ते दहा दिवस तुमच्या आधी बसून गेलेल्या कुणीतरी तुम्हाला दिले होते. आणि त्याच दहा दिवसांत घरी दोन मुलं, पाणी, डबे हे सगळं वहिनींनी एकटीने ओढलं. म्हणजे त्या शिबिराच्या पहिल्या दानकर्त्या त्याच. ‘काय आणलंत’ हा प्रश्न म्हणूनच मला रास्त वाटतो. दिवाळीच्या सुट्टीत रजा टाका, त्यांची तयारी असेल तर दहा दिवस त्यांना पाठवा. मुलांचे डबे तुम्ही करा.

*ताई, नमो बुद्धाय. आमच्या वसाहतीत विहाराचं बांधकाम चालू आहे. प्रत्येक घरामागे 11,000 रुपये वर्गणी ठरली. रक्कम देणाऱ्याचं नाव माइकवरून वाचतात, फलकावर लिहिणार आहेत, पंख्यावरही. मिस्टर गाडी चालवतात, पगार 22,000. घराचा हप्ता 9,400. सासऱ्यांची शुगरची औषधं चालू आहेत. मिस्टर म्हणतात, बाबासाहेबांनी विसावा हिस्सा द्यायला सांगितलाय, बचत गटातून कर्ज काढू पण नाव मागे राहायला नको. मी नको म्हटलं तर म्हणाले, तू मनाने कंजूष आहेस. माझी स्वतःची कमाई म्हणजे फॉल-पिकोचे थोडे पैसे. मी खरंच कंजूष आहे का? – उपनगर, नाशिक*

नाही गं बाई. कर्ज काढू नका.

हे इतक्या ठामपणे लिहितेय कारण मी काढलं होतं. 1996 साली आमच्याकडच्या विहाराच्या स्लॅबला मी हातउसने पैसे घेऊन रक्कम दिली. यजमानांना अर्धंच सांगितलं. त्या वर्षी मुलीची शाळेची फी दोनदा थकली आणि तिला वर्गात उभं केलं गेलं. ती घरी येऊन काही बोलली नाही. मला कळलं ते तिच्या मैत्रिणीच्या आईकडून. विहारात आमच्या नावाचा पंखा लागला. वंदनेला बसले की ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना माझी नजर वर जायची, पात्यावरच्या नावाकडे. कितीतरी महिने असं होत होतं. मला त्या दानाचा आनंद कधीच झाला नाही, आणि मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

सत्पुरुषाचं दान कसं असतं, हे अंगुत्तर निकायात पाच गोष्टींत सांगितलं आहे. श्रद्धेने दिलेलं, आदराने दिलेलं, योग्य वेळी दिलेलं, मोकळ्या मनाने दिलेलं, आणि पाचवं: ‘अत्तानञ्च परञ्च अनुपहच्च’, स्वतःला आणि दुसऱ्याला इजा न करता दिलेलं. सासऱ्यांची औषधं मागे ठेवून दिलेली रक्कम या पाचव्या ओळीपाशी अडते. सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धम्म सांगताना तथागत मिळकतीचे चार भाग करायला सांगतात: एकावर संसार, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी शिलकीत. चौथा भाग बाजूला ठेवायला सांगणारा शास्ता तुम्हाला कर्ज काढून फलकावर या, असं कसं सांगेल?

विसाव्या हिश्श्याचं तुमचे मिस्टर म्हणतात ते खरं आहे. नागपूरला 1956 च्या दीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं. त्या शब्दाचा मान मी आयुष्यभर ठेवत आले आहे. पण तो मिळकतीतला हिस्सा आहे, उद्या फेडायच्या पैशातला नाही. 22,000 चा विसावा हिस्सा 1,100 होतो, आणि 11,000 म्हणजे दहा महिन्यांचा विसावा हिस्सा एकदम, तोही व्याज भरून. आज 1,100 जमत नसतील तर दोनशेने सुरुवात करा, हप्ता हलका होईल तसे वाढवा.

एका रविवारी मिस्टरांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर जा. आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तीच. पायथ्याशी बुद्ध स्मारकात थोडं बसा, मग पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्यात या. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे कोरून ठेवलं आहे की त्याने 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, भिक्खुसंघाला दिले. पण ते भिक्खूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. आपल्या गंगापूर रोडला आजही गोवर्धन गाव आहे. 2,000 एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. 1,000 दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेखात त्याला शब्द आहे अखयनीवी, म्हणजे न संपणारी ठेव. 2,000 वर महिन्याला 20 म्हणजे वर्षाला 240, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब काट्यावर बसतो. मी पहिल्यांदा तो कागदावर मांडला तेव्हा मला भरून आलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला होता की आपलं देणं पुढच्या पावसाळ्यालाही पुरलं पाहिजे.

तिथेच विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. तिने ठेव ठेवली ती आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी. तिच्या ठेवीतला एक भाग तेल्यांच्या श्रेणीकडे होता. मी नर्स, म्हणून असेल, पण सगळ्या लेण्यांत मला तीच जवळची वाटते. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः अंघोळ घातली आणि सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. तुम्ही सासऱ्यांची शुगर तपासता, गोळ्या वेळेवर देता, पथ्याची भाकरी वेगळी करता. ते दानात धरत नाही का तुम्ही?

नावाचा मोह राजेलोकांनाही होता, हे त्या भिंतींवर दिसतंच. मी नावाला वाईट म्हणत नाही. पण अठरा नंबरच्या चैत्याच्या दारावरचा लेख बघा. तिथे ते दान धंभिक गावाचं आहे. कुणी किती दिलं ते कोरलेलं नाही, गावाचं नाव तेवढं आहे. विहार समितीच्या बैठकीत हे उदाहरण द्यायला हरकत नाही. ‘अमुक वसाहतीचं दान’ एवढंच फलकावर लिहा म्हणावं. म्हणजे ज्या घराने शंभर दिले आणि ज्या घराने अकरा हजार दिले, ती दोन्ही घरं मान वर करून आत येतील.

आणि तुमची कमाई ‘थोडे पैसे’ म्हणून बाजूला सारू नका. प्रत्येक साडीच्या फॉल-पिकोमागे पाच रुपये एका डब्यात टाका. डबा देव्हाऱ्यात किंवा बुद्धमूर्तीपाशी नको, शिलाई मशीनवरच असू दे, म्हणजे टाकताना हात थांबणार नाही. पौर्णिमेला मोजा. विहाराला तेच द्या, समितीला सांगा की आमच्याकडून दर पौर्णिमेला येत राहील. स्लॅबच्या दिवशी मिस्टरांनी पाट्या उचलाव्यात, तुम्ही कामगारांचा चहा बघावा. माझ्या सासूबाईंकडे पैसा नव्हता. उन्हाळ्यात त्या रोज सकाळी विहाराबाहेरचा रांजण घासून भरायच्या, वर ओलं फडकं गुंडाळायच्या. बसस्टॉपवरची माणसं पाणी पिऊन जायची, कुणाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. माझा पंखा केव्हाच बदलला गेला. रांजणाच्या जागी आता नळ आलाय, पण म्हातारी माणसं अजून त्या कोपऱ्याला ‘आजीचं पाणी’ म्हणतात.

मिस्टरांशी बोलताना ‘नको’ने सुरुवात करू नका. ‘दहा महिन्यांत देऊ’ म्हणा. मनाने ते मोठे आहेत, म्हणूनच नाव मागे राहू नये असं त्यांना वाटतं. कंजूष तुम्ही नाही, आणि ते उधळेही नाहीत.

*जयभीम ताई. निफाड तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. रोज पंचशील घेतो. ‘पाणातिपाता वेरमणी’, जीवहत्येपासून दूर राहीन, असं म्हणतो आणि तासाभराने पिठ्या ढेकणावर औषध मारतो. मन खातं. काय करावं? – निफाड*

मन खातंय ते खाऊ द्या, औषध पाजून त्याला झोपवू नका. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, कर्म म्हणजे चेतना, हे वचन तुम्हाला माहीत असेल. पण त्याचा आधार घेऊन ‘माझा हेतू बाग वाचवायचा होता’ असं मी तुम्हाला म्हणू देणार नाही. जीव मारला ते मारलंच. विषाचा व्यापार उपासकाने करू नये असं सांगितलं आहे. तुमची शेती हा तो व्यापार नव्हे, एवढा फरक मात्र आहे. म्हणून मार्ग एकच, जीव कमीत कमी जातील तसं करा. वेळापत्रकाने फवारू नका, कीड मोजून फवारा. बाजूच्या पिकाला फुलोरा असेल, मधमाश्या फिरत असतील, ती वेळ टाळा. पंप ओढ्यात धुऊ नका. फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस पाळा, खाणारा माणूसही प्राणीच आहे.

आणि जो मजूर पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरतो, त्याच्याकडे बघा. माझ्या वॉर्डात अशी माणसं येत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला घामाचा नि औषधाचा वास, आणि सोबत आलेली बायको विचारायची, ‘सिस्टर, वाचतील ना?’ त्यातल्या कितीतरी जणांनी उघड्या हातांनी औषध कालवलेलं असायचं. उद्या फवारणीला मजूर येतील त्याआधी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणून ठेवा. वारा तोंडावर येईल अशा दिशेने कुणाला चालू देऊ नका. विहिरीपाशी साबण ठेवा, आणि त्यांनी अंघोळ केल्याशिवाय भाकरी वाढू नका.